पॅकर्सचे चाहते व्हायचंय? विस्कॉन्सिनमध्ये नव्याने आलेल्यांसाठी

सप्टेंबर ते जानेवारी या काळात रविवारी दुपारी बारानंतर विस्कॉन्सिनमध्ये किराणा आणायला जाऊन बघा. दुकान मोकळं, पार्किंग मोकळं, रस्त्यावर तुरळक गाड्या. शुक्रवारी ऑफिसात निम्मी माणसं हिरव्या-पिवळ्या जर्सीत दिसतात आणि सोमवारी सकाळी त्यांच्या चेहऱ्यावरूनच आदल्या दिवशीचा निकाल कळतो. मी 2010च्या ऑगस्टमध्ये ॲपलटनला आले. ग्रीन बे तिथून गाडीने अर्ध्या तासावर. फुटबॉल म्हणजे पायाने खेळायचा खेळ, एवढंच मला तेव्हा माहीत होतं. आज घरात ग्रीन बे पॅकर्सच्या, म्हणजे तिथल्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या, तीन जर्सी आहेत आणि सीझनचं वेळापत्रक जाहीर झालं की ते आधी फ्रीजवर लागतं, मग आम्ही भारताची तिकिटं बघतो.

दर वर्षी कोणी ना कोणी नवीन मराठी कुटुंब इकडे येतं आणि विचारतं, "हे सगळं कुठून सुरू करायचं?" त्यांना जे सांगते तेच इथे लिहितेय.

नियम थोडेच शिका

सगळे नियम शिकून मग मॅच बघायची असं ठरवलंत तर मॅच कधीच बघून होणार नाही. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे आणि इथे जन्मलेल्यांनाही ते पूर्ण येत नाही. सुरुवातीला पुढचं एवढं पुरतं.

मैदान 100 यार्ड लांब. यार्ड म्हणजे आपला गज. एका वेळी दोन्हीकडचे अकरा-अकरा खेळाडू मैदानात असतात. बॉल ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड पुढे सरकायचं असतं. या प्रयत्नाला डाऊन म्हणतात. 10 यार्ड झाले की पुन्हा नवे चार प्रयत्न मिळतात. "थर्ड अँड सेव्हन" असं ऐकलंत की समजायचं, तिसरा प्रयत्न आहे आणि अजून 7 यार्ड हवेत. तिसऱ्या प्रयत्नातही जमलं नाही तर चौथ्यावर बहुतेक वेळा बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देतात, म्हणजे निदान त्यांना दुरून सुरुवात करावी लागते. बॉल शेवटच्या पट्ट्यात नेला की टचडाऊन, 6 गुण. त्यानंतर खांबांमधून बॉल मारला की वर 1 गुण, किंवा पुन्हा पट्ट्यात घुसून दाखवलं तर 2. टचडाऊन होत नसेल तर तिथूनच खांबांमधून बॉल मारून 3 गुण घेता येतात, त्याला फील्ड गोल म्हणतात.

पंधरा-पंधरा मिनिटांचे चार भाग (क्वार्टर) असतात, पण घड्याळ सारखं थांबतं, त्यामुळे मॅच तीन तासांहून जास्त चालते. बाकीचं बघता बघता कळतं. पंचाने पिवळा रुमाल टाकला की काहीतरी चूक झालीय, काय झालीय ते शेजारच्याला विचारा. विस्कॉन्सिनमध्ये हा प्रश्न विचारलेला लोकांना मनापासून आवडतो.

नवख्यांची नजर नेहमी बॉलवर असते. दोन-तीन मॅच झाल्या की मुद्दाम ती बॉलवरून काढा आणि मधल्या धिप्पाड पाच जणांकडे बघा. त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. त्यांनी समोरच्यांना डावीकडे ढकललं की उजवीकडे, यावर पुढचं सगळं ठरतं. मला खेळ खऱ्या अर्थाने कळायला लागला तो त्या पाच जणांकडे बघायला लागल्यापासून.

नावं नीट उच्चारा

स्पेलिंगवर जाऊ नका. स्टेडियमचं नाव लॅम्बो फील्ड. 1992 ते 2007 खेळलेला क्वार्टरबॅक (बॉल हातात घेऊन टीमचा खेळ चालवणारा) ब्रेट फार्व, त्याच्या नावातला 'र' लिहिण्यात नंतर येतो आणि बोलण्यात आधी. साठच्या दशकातला लाइनबॅकर (समोरच्यांना अडवणाऱ्यांतला एक) रे निच्की. मैदानाबाहेर जे सॉसेज भाजतात तो ब्राट, 'ब्रॅट' म्हणालात तर हट्टी पोर असा अर्थ होतो. आणि आरोळी एकच: "गो, पॅक, गो!" लहान मुलांनाही ती पहिल्या दिवशीच जमते.

टीम कोणाची आहे ते समजून घ्या

पॅकर्सची गोष्ट सांगताना मी इथे सगळ्यात जास्त वेळ घेते, कारण बाकीचं सगळं इथून येतं.

1919 मध्ये कर्ली लॅम्बो आणि तिथल्या वर्तमानपत्रात काम करणारा जॉर्ज कॅल्हून यांनी ही टीम उभी केली. लॅम्बो इंडियन पॅकिंग कंपनी नावाच्या मांस डबाबंद करणाऱ्या कंपनीत नोकरीला होता. जर्सींसाठी पैसे त्या कंपनीने दिले, म्हणून टीमचं नाव पॅकर्स पडलं. (नावातल्या 'इंडियन'चा आपल्याशी संबंध नाही, हा प्रश्न मला प्रत्येक पाहुणा विचारतो.) 1921 मध्ये टीम व्यावसायिक लीगमध्ये आली. त्या काळात अशा लहान गावांच्या कितीतरी टीम होत्या. त्या एकेक करून बंद पडल्या किंवा मोठ्या शहरांत गेल्या. ग्रीन बेची लोकसंख्या आजही 1 लाख 7 हजारांच्या आसपास आहे. न्यूयॉर्क, शिकागो, डॅलसच्या टीमशी खेळणारं हे गाव आपल्या एखाद्या लहान तालुक्याएवढं.

ही टीम टिकली कारण गावाने ती विकत घेतली. 1923 मध्ये पाच डॉलरचा एक शेअर, अशी पहिली विक्री झाली. त्यानंतर 1935, 1950, 1997, 2011 आणि 2021 मध्ये पुन्हा शेअर काढले. आज पाच लाखांहून जास्त भागधारक आहेत. साखर कारखान्याचे किंवा दूध संघाचे सभासद असलेल्या घरातून तुम्ही आला असाल तर हे तुम्हाला लगेच समजेल. फरक एवढाच की इथे लाभांश मिळत नाही, शेअरची किंमत वाढत नाही आणि तो बाजारात विकताही येत नाही. घरातल्या माणसाला देता येतो, वारशाने मिळतो. एका माणसाला किती शेअर घेता येतील यावर मर्यादा आहे, म्हणजे कोणी धनाढ्य येऊन टीम ताब्यात घेऊ शकत नाही. कधी टीम मोडीत काढायची वेळ आलीच तर उरलेले पैसे भागधारकांना न मिळता धर्मादाय कामासाठी जातात, असं नियमातच लिहिलंय. टीम दुसऱ्या शहरात हलवून पैसे कमवावेत असा विचारही कोणाच्या मनात येऊ नये, याची ही तजवीज. लीगमधल्या बाकीच्या 31 टीम धनिक कुटुंबांच्या किंवा उद्योगपतींच्या मालकीच्या आहेत. आताच्या नियमांत अशी लोकांच्या मालकीची नवी टीम होऊ शकत नाही, पॅकर्सना फक्त जुने म्हणून सूट आहे.

जुलैमध्ये स्टेडियममध्येच वार्षिक सर्वसाधारण सभा भरते. हजारो भागधारक उन्हात बाकांवर बसून ताळेबंद ऐकतात. आमच्या शेजारचे आजोबा 1950 सालचा, त्यांच्या वडिलांच्या नावाचा शेअर काचेच्या चौकटीत दिवाणखान्यात लावून बसलेत. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांनी कॉफी विचारायच्या आधी ती चौकट दाखवली होती. 2021 च्या विक्रीत शेअर 300 डॉलरला होता. आम्ही एक घेतला. नवऱ्याने विचारलं, "परत काय मिळणार?" मी म्हटलं, "सभेचं आमंत्रण." तो यायला तयार झाला.

इतिहासातल्या चार गोष्टी पाठ करा

पॅकर्सनी आजवर 13 अजिंक्यपदं मिळवलीत, लीगमध्ये कोणाहीपेक्षा जास्त. त्यातली चार सुपर बोलची, म्हणजे सीझनच्या शेवटी होणाऱ्या अंतिम सामन्याची: 1967, 1968, 1997 आणि 2011 मध्ये झालेली. बाकीची सुपर बोल सुरू व्हायच्या आधीची.

पहिली गोष्ट व्हिन्स लोम्बार्डीची. 1958 मध्ये टीमने बारापैकी फक्त एक मॅच जिंकली होती. 1959 मध्ये लोम्बार्डी प्रशिक्षक म्हणून आले आणि पुढे 1961 ते 1967 या सात वर्षांत टीमने पाच वेळा अजिंक्यपद जिंकलं. सुपर बोलच्या करंडकाला आज त्यांचंच नाव आहे.

दुसरी गोष्ट 31 डिसेंबर 1967 ची. हिला आइस बोल म्हणतात आणि विस्कॉन्सिनमध्ये ती प्रत्येक घरात कोणीतरी सांगतंच. डॅलस काउबॉइजविरुद्ध लीगचा अंतिम सामना, मॅच सुरू होताना तापमान उणे 25 अंश सेल्सिअस. मैदानाखाली बसवलेली उष्णतेची यंत्रणा चालली नाही, जमीन काचेसारखी झाली. पंचांच्या शिट्ट्या गोठल्या, म्हणून त्यांनी तोंडाने ओरडून खेळ थांबवला. स्टेडियममध्ये पन्नास हजारांवर माणसं बसून होती. पाच मिनिटांपेक्षा थोडा कमी वेळ उरलेला, पॅकर्स 14-17 ने मागे आणि 68 यार्ड जायचे. ते सरकत सरकत शेवटच्या यार्डापर्यंत पोचले. 16 सेकंद उरले, तिसरा प्रयत्न, खेळ थांबवण्याची मुभा संपलेली. फील्ड गोल मारून बरोबरी करता आली असती. क्वार्टरबॅक बार्ट स्टारला दिसलं की मागून पळत येणाऱ्याचे पाय बर्फावर घसरताहेत. त्याने लोम्बार्डींना सांगितलं की मी स्वतःच बॉल घेऊन घुसतो. घोळक्यात साथीदारांना सांगितलं नाही की बॉल तो कोणालाच देणार नाहीये. जेरी क्रेमरने समोरच्याला रेटलं, मध्ये फट पडली आणि स्टार त्या फटीतून आत जाऊन पडला. 21-17.

मघाशी मधल्या पाच जणांकडे बघा म्हटलं ते यासाठी. जेरी क्रेमर त्या पाचांतला एक होता.

तिसरी गोष्ट दुष्काळाची. 1968 ते 1991 या चोवीस वर्षांत टीम फक्त दोनदा प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांत, पोचली. पण लॅम्बो फील्डची सीझन तिकिटं 1960 पासून संपलेलीच आहेत, त्या दुष्काळातसुद्धा. हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तर इथल्या माणसांचा स्वभाव कळेल.

चौथी गोष्ट क्वार्टरबॅकांची. 1992 मध्ये अटलांटाकडून फार्वला आणलं. 2005 मध्ये ॲरन रॉजर्स आला, तीन वर्षं बाकावर बसला आणि 2008 पासून खेळायला लागला. 2020 मध्ये जॉर्डन लव्ह आला, तोही तीन वर्षं थांबला आणि 2023 पासून सूत्रं त्याच्याकडे आली. तीस वर्षांत तीनच मुख्य क्वार्टरबॅक, आणि दोन्ही वेळा जुन्याच्या मागे नव्याला शांतपणे शिकू दिलं. फार्व पुढे मिनेसोटा व्हायकिंग्जकडून, म्हणजे थेट शेजारच्या शत्रूकडून खेळला तेव्हा लोकांनी त्याच्या जर्सी कपाटात ढकलल्या. 2015 मध्ये त्याचा 4 नंबर कायमचा राखून ठेवला, त्या दिवशी त्याच जर्सी घालून स्टेडियम भरलं होतं.

पहिला सीझन घरून बघा

नियमित सीझनमध्ये 18 आठवड्यांत 17 मॅच असतात, एक आठवडा सुट्टी. पहिल्या वर्षी निदान दहा मॅच पूर्ण बघा. हायलाइट्सवर समाधान मानू नका, त्यात फक्त टचडाऊन दिसतात, तिसऱ्या प्रयत्नाआधीचा ताण दिसत नाही. शक्यतो एकट्याने बघू नका. शेजारी बोलावत असतील तर जा, जाताना काहीतरी खायला न्या. मी कांदाभजी नेली होती. आता सप्टेंबर उजाडला की मला त्याची आठवण करून दिली जाते.

वर्षातून दोन-दोनदा गाठ पडते अशा टीम तीनच: शिकागो बेअर्स, मिनेसोटा व्हायकिंग्ज, डेट्रॉइट लायन्स. बेअर्सशी भांडण सगळ्यात जुनं, 1921 पासूनचं. शिकागोत मराठी घरं भरपूर, त्यामुळे आमच्या ओळखीत पॅकर्स-बेअर्सच्या रविवारी एकाच कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडतात. नणंद शिकागोत असेल तर तयारीत राहा.

भारतातून बघणाऱ्यांसाठी वेळा: इथली रविवार दुपारी बाराची मॅच नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत भारतात रात्री साडेदहाला सुरू होते, त्यानंतर इथली घड्याळं मागे जातात म्हणून साडेअकराला. दुपारी 3:25 ची मॅच पहाटे 1:55 ला, नंतर 2:55 ला. रात्रीची 7:20 ची मॅच तिकडे सोमवारी सकाळी 5:50 किंवा 6:50 ला येते, ती चहाबरोबर बघता येते. पुण्यात माझा भाऊ रात्रीच्या मॅचचाच चाहता आहे, त्याला झोप मोडावी लागत नाही.

मॅच नसताना एकदा ग्रीन बेला जाऊन या

माझा ठाम सल्ला: पहिली भेट तिकीट न काढता, जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टमध्ये करा. तेव्हा सरावाचं शिबिर चालू असतं. सकाळी गावातली मुलं आपापल्या सायकली घेऊन स्टेडियमच्या दाराशी उभी राहतात. खेळाडू बाहेर येतात, एकेक जण एका मुलाची सायकल मागून घेतो आणि तिच्यावर बसून समोरच्या सरावाच्या मैदानावर जातो. मुलगा किंवा मुलगी त्याचं हेल्मेट हातात धरून शेजारून पळत. सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस गुडघे कानापर्यंत आणून गुलाबी सायकल चालवतोय, हे बघायला लोक दुरून येतात. ही प्रथा लोम्बार्डींच्या काळापासूनची आहे. माझ्या मुलीची सायकल एका नवख्या खेळाडूने घेतली, तो पुढे टीममध्ये टिकला नाही. पण आजही ती त्याचं नाव शोधून तो कुठे खेळतोय ते बघते.

त्याच फेरीत स्टेडियमची सफर करा. लॅम्बो फील्ड 1957 मध्ये उघडलं, कर्ली लॅम्बो गेल्यानंतर 1965 मध्ये त्याचं नाव दिलं. आता तिथे 81 हजारांवर माणसं मावतात, म्हणजे गावातल्या दर चार जणांपैकी तीन. सफरीत खेळाडूंच्या बोगद्यातून मैदानाच्या काठापर्यंत नेतात. बोगद्याच्या तोंडाशी जुन्या बोगद्यातलं काँक्रीट मुद्दाम तसंच बसवलंय, लोम्बार्डींचे खेळाडू ज्यावरून चालत गेले तेच. तिथे दोन मिनिटं थांबा.

तिकीट

खिडकीवर तिकीट मिळत नाही, सगळी सीझन तिकिटं विकलेली असतात. ज्यांना जाता येत नाही ते अधिकृत संकेतस्थळावर पुन्हा विकतात, तिथूनच घ्या, फोनमध्ये येतं. रस्त्यावर कोणी कागद दाखवून विकत असेल तर घेऊ नका. ऑगस्टमधल्या सीझनपूर्व मॅच सगळ्यात स्वस्त, लहान मुलांना न्यायला उत्तम. खरी मॅच स्वस्तात हवी असेल तर डिसेंबरातली बघा आणि थंडीचा अंदाज जाहीर होईपर्यंत थांबा. पाच-सहा मित्रांनी एकत्र बसायचा हट्ट सोडला तर किंमत बरीच उतरते. दोन-दोन जणांची तिकिटं घ्या.

कपडे, आणि पुठ्ठा

माझी पहिली मॅच डिसेंबरातली, उणे बारा अंशांत. अंगावर चार थर होते, टोपी होती, हातमोजे होते. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत पायांच्या बोटांची जाणीव गेली. वर कितीही कपडे घातले तरी पाय तीन तास थंड काँक्रीटवर असतात आणि थंडी तळव्यातून वर चढते. माझ्या उजवीकडे साठीच्या एक बाई होत्या, शिकारीचा भडक नारिंगी सूट घातलेल्या. (नोव्हेंबरच्या शेवटी हरणांच्या शिकारीचे दिवस असतात आणि तेच सूट लोक मॅचला घालतात, कारण इथल्या कपाटात त्यांच्याहून उबदार काही नसतं.) त्यांनी माझ्या बुटांकडे बघितलं, काही न बोलता वाकल्या, स्वतःच्या पायाखालचा पुठ्ठा काढला, गुडघ्यावर ठेवून मधोमध फाडला आणि अर्धा माझ्याकडे सरकवला. दहा मिनिटांत फरक पडला. चौथ्या क्वार्टरमध्ये आम्ही एकमेकींचे खांदे धरून ओरडत होतो. त्यांचं नाव मी विचारलंच नाही.

तर, पुठ्ठा न्या. मोठ्या खोक्याचा, दोन्ही पाय मावतील एवढा. मोजे दोन जोड, पण बूट एक नंबर मोठा, नाहीतर दोन मोज्यांत पाय आवळून आणखी गार पडतो. बूट-मोज्यांत ठेवायच्या गरम होणाऱ्या पुड्या इथे प्रत्येक दुकानात मिळतात. आतला पहिला थर सुती नको, घाम धरून ठेवतो. बसायला ॲल्युमिनियमचे सरळ बाक आहेत, म्हणून खाली घ्यायला गादी हवी. बाकावर नंबर रंगवलेले असतात, पण सगळे जाड कपड्यांत असल्यामुळे आपल्या दोन रेघांमध्ये मावायला थोडं रेटावं लागतं. पिशवी पारदर्शकच हवी, नाहीतर दारातून परत गाडीपर्यंत चालत जावं लागेल.

गाडी अंगणात लावा

स्टेडियम वस्तीच्या मधोमध आहे. रस्त्याच्या पलीकडे साधी घरं, आणि मॅचच्या दिवशी लोक आपल्या अंगणातल्या हिरवळीवर पैसे घेऊन गाड्या लावू देतात. मोठ्या पार्किंगपेक्षा मला हे जास्त आवडतं. त्याच घरी पुढच्या वर्षी पुन्हा गेलात की ओळखतात.

मॅचच्या तीन-चार तास आधी पोचा. गाडीच्या मागे शेगडी पेटवून जेवायचं, याला टेलगेटिंग म्हणतात. ब्राट बिअरमध्ये कांद्याबरोबर उकळून मग निखाऱ्यावर भाजतात. तो बहुतेक डुकराच्या मांसाचा असतो, चालत नसेल तर आधी विचारा, विचारण्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. शाकाहारी माणसांना चीज कर्ड्स. कर्ड म्हणजे इथे दही नव्हे, चीज बनताना होणारे ताजे गोळे, दाताखाली रबरासारखे किर्र वाजले की ताजे. तळलेलेही मिळतात. आम्ही स्वतःची शेगडी नेतो, मक्याची कणसं आणि पनीर भाजतो, लिंबू-तिखट-मीठ लावलेलं कणीस आजूबाजूच्या चार गाड्यांपर्यंत जातं आणि तिकडून ब्राट येतात. समोरच्या टीमच्या जर्सीतला माणूस शेजारी असला तरी त्यालाही जेवायला बोलवायचं. लॅम्बोची ही ख्याती आहे, ती आपल्यामुळे बिघडू नये.

डोक्यावरच्या पिवळ्या चीजच्या तिकोनी टोप्यांबद्दल: शिकागोवाले विस्कॉन्सिनच्या लोकांना 'चीजहेड' म्हणून हिणवायचे. 1987 मध्ये मिलवॉकीच्या राल्फ ब्रूनोने आईच्या सोफ्यातला फोम कापून पहिली टोपी बनवली आणि लोकांनी ती अभिमानाने डोक्यावर चढवली. एक घ्या. मागच्या रांगेत लहान मूल असेल तर मॅच चालू असताना ती मांडीवर ठेवा.

कधी ओरडायचं, कधी गप्प बसायचं

नवखे हमखास इथे चुकतात. बॉल आपल्या टीमकडे असताना गप्प बसायचं, कारण क्वार्टरबॅकचे इशारे साथीदारांना ऐकू जायला हवेत. बॉल समोरच्यांकडे असताना, विशेषतः तिसऱ्या प्रयत्नाला, घसा फुटेपर्यंत ओरडायचं. त्यांना एकमेकांचं ऐकू येऊ नये हे आपलं काम.

टचडाऊन झाल्यावर खेळाडू धावत येऊन प्रेक्षकांच्या कठड्यावर उडी मारतो, लोक त्याला धरतात. याला लॅम्बो लीप म्हणतात. 26 डिसेंबर 1993 ला लीरॉय बटलरने पहिल्यांदा मारली. रेजी व्हाइटने पळता पळता बॉल त्याच्याकडे टाकला, तो पट्ट्यात पोचला आणि थेट माणसांत शिरला. पुढच्या रांगेतलं तिकीट मिळालं तर हात मोकळे ठेवा.

हरणं

माझ्या पहिल्याच सीझनमध्ये टीम प्लेऑफच्या तीन मॅच परगावी जिंकून सुपर बोलला गेली आणि 6 फेब्रुवारी 2011 ला पिट्सबर्गला 31-25 हरवून आली. तेव्हापासून आजवर पुन्हा सुपर बोलला पोचलेली नाही.

जानेवारी 2015 मध्ये सिॲटलला, सुपर बोलच्या एक पायरी आधी, पाच मिनिटं उरली असताना पॅकर्स 19-7 ने पुढे होते. मग बॉल हातातून सुटला, आघाडी गेली, जादा वेळेत 28-22 ने हरलो. शेजारच्या आजोबांकडे आम्ही अकरा जण होतो. टीव्ही बंद झाला, बराच वेळ कोणी उठलं नाही. मग आजींनी सगळ्यांना सूप वाढलं. आजोबा म्हणाले, "मी सत्तरचं दशक बघितलंय," आणि ब्रेडचा तुकडा मोडला.

हरल्यावर करायच्या गोष्टी: खेळाडूंच्या खात्यांवर जाऊन वाईट लिहू नका. सोमवारी जर्सी घालून ऑफिसला जा. टीमने बर्फ उपसायला माणसं बोलावली की फावडं धरायला जा. बर्फ पडला की स्टेडियम मोकळं करण्यासाठी गावातल्या प्रौढांना बोलावतात, तासावर पैसे देतात, फावडी तेच देतात. पैशासाठी येणारे थोडे असतात. पहाटे रांगेत उभं राहून मी दोनदा गेलेय आणि 81 हजार माणसांच्या जागेत शे-दोनशे फावड्यांचा आवाज कसा घुमतो ते ऐकलंय.

प्रतीक्षा यादीत नाव घाला

सीझन तिकिटांच्या यादीत 1 लाख 40 हजारांहून जास्त नावं आहेत. दर वर्षी मोजकीच तिकिटं सुटतात, त्यामुळे नंबर लागायला काही दशकं जातात. इथे बाळाचं नाव ठरलं की ते यादीत घालतात. आम्ही मुलीचं नाव ती पाच वर्षांची असताना घातलं. तिचा नंबर लागेल तेव्हा ती माझ्या आजच्या वयाची असेल.

तुम्हीही या वर्षीच घाला, स्वतःचं नको, घरातल्या सगळ्यात लहान मुलाचं. आणि घर बदललंत तर नवा पत्ता कळवायला विसरू नका.